किलमार्टिनचे दगड

चहाचा कागदी पेला दोन्ही हातांत सांभाळत लॉर्ना बसची पायरी चढली. खाडीवरचा वारा दार ढकलत होता. तिने ते टाचेने मागे लोटले आणि मधल्या वाटेने आत आली. बस रिकामी होती. सगळी मंडळी इन्व्हररेचा जुना तुरुंग बघून गावात जेवायला पांगली होती. खिडकीशी एकटा वॉटी पर्डी बसला होता, डोक्यावरची चपटी टोपी न काढता.

"दोन चमचे साखर घातलीय," लॉर्ना म्हणाली. "मिसेसना सांगू नका."

"तिला सांगावं कशाला लागतंय? तिला वास येतो."

त्याने हात पुढे करून पेला घेतला. उभा जन्म जहाजांच्या गोदीत वेल्डिंग केलेला हात होता तो. बोटांवर जुन्या भाजण्याचे पांढुरके डाग होते. पोर्ट ग्लासगोच्या त्या गोदीतली धूळ अजून त्याच्या छातीत बसून होती, आणि प्रत्येक वाक्यामागून तो श्वास गोळा करायला थांबत होता.

"आता पुढं काय दाखवणार?"

"किलमार्टिन. उभे दगड."

"कुणी उभे केले?"

"ते कुणालाच माहीत नाही."

"कशासाठी?"

"तेही नक्की सांगता येत नाही."

"मग तुला पगार कशाचा मिळतो, पोरी?"

लॉर्ना हसली. दिवसभर त्याचे असेच चालले होते. सकाळी ग्लासगोहून निघाल्यावर एका पडक्या मनोऱ्यापाशी बस थांबली, तेव्हा त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले होते, की बिनछपराची घरं आमच्या गल्लीतही आहेत, ती बघायला कुणी तिकीट का काढत नाही? पुढच्या सीटवरची जोडपी खळखळून हसली होती. पण तो स्वतः एकाही ठिकाणी खाली उतरला नव्हता. त्याची बायको पेगीच उतरायची, बघून यायची आणि काय काय पाहिले ते त्याला सांगायची. तो डोळे मिटून ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "झालं?"

पेगी बाहेर धक्क्यावरच्या बाकावर बसली होती. अंगात जांभळा रेनकोट, मांडीवर पर्स, आणि समोरच्या राखाडी पाण्याकडे लागलेली नजर. लॉर्नाने खाली उतरून तिला सांगितले की त्यांना चहा दिला आहे. पेगीने बाकावर सरकून जागा केली. प्रवाशांच्या घरातल्या गोष्टींत गाईडने शिरू नये, असा लॉर्नाचा शिरस्ता होता. पण हंगामाचा शेवटचा आठवडा चालला होता, पुढच्या वर्षी कंपनी ही फेरी ठेवते की नाही तेही ठाऊक नव्हते, आणि म्हातारी आपणहून बोलू लागली. तेव्हा ती बसली.

लग्नाच्या वर्षी लाँड्रीवाल्याने एक कॅलेंडर दिले होते, पेगी सांगत होती. त्यातल्या एका पानावर किलमार्टिनचे दगड होते. हिरव्या कुरणात नुसतेच उभे. त्यात एवढे काय होते ते तिला आजही सांगता आले नसते. वर्ष संपले तरी तिने ते पान भिंतीवरून काढले नाही. दर उन्हाळ्यात ती म्हणायची, एकदा जाऊन येऊ. आणि दर उन्हाळ्यात वॉटीपाशी काहीतरी असायचे. कधी जादा पाळी, कधी संप, कधी फुटबॉलचा सामना. पुढे पुढे तर नुसतीच थट्टा. दगड बघायचेत तर मागच्या अंगणात चल, पुष्कळ आहेत. ब्लॅकपूलला समुद्रावर गेले, रोथसेला कितीदा गेले. किलमार्टिन राहिले.

"ऑगस्टमध्ये डॉक्टरकडून आला," पेगी म्हणाली. "मी विषयसुद्धा काढला नव्हता. बूट सोडता सोडता म्हणाला, ते तुझे दगड, काढ तिकिटं."

तिने मांडीवरची पर्स सरळ केली.

"तेव्हाच मला कळलं, डॉक्टर काय म्हणाले असतील ते. मी विचारलं नाही. तोही बोलला नाही."

 लॉर्नाने फक्त विचारले, तुम्ही काही खाल्लंत का? पेगी म्हणाली, सँडविच आणलं आहे, पुढं खाईन.

इन्व्हररे सोडले की रस्ता खाडीच्या काठाकाठाने जातो. लॉर्नाने माईक हातात घेऊन नेहमीचे सांगितले. या पाण्यात एके काळी हेरिंग मासळीच्या होड्या इतक्या दाटीने असत की एका काठावरून दुसऱ्या काठावर चालत जावे. बायका वाऱ्यात उभ्या राहून मासळी चिरत. आणि मग मासळी यायची थांबली. लोक डावीकडे पाण्याकडे बघत राहिले. पोटात जेवण होते, बस गरम होती, एकेकाची मान लवंडू लागली. लॉर्नाने माईक ठेवला आणि सवयीने मागपर्यंत एक फेरी मारायला निघाली.

पर्डींच्या सीटपाशी ती थांबली.

वॉटीचे डोके काचेला टेकले होते. टोपी डोळ्यांवर आली होती. पेला मांडीवर कलंडला होता. चहा पँटवर सांडून सीटवर ओघळला होता, आणि तरीही तो हलला नव्हता. पेगीने त्याचा एक हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि ती सरळ समोर बघत होती.

लॉर्नाने वाकून पेला उचलला. उचलताना तिची बोटे त्याच्या मनगटाला लागली. मनगट गार नव्हते, गरमही नव्हते. तोंड किंचित उघडे होते. ओठ निळसर दिसत होते. पण ते सकाळपासूनच तसे होते.

"मिसेस पर्डी," ती हळूच म्हणाली.

"झोपलाय," पेगी म्हणाली. "झोपू दे त्याला."

"चहा सांडलाय."

"बघितलं मी. वाळेल."

लॉर्ना आणखी खाली वाकली. मागच्या सीटवरच्यांना ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात तिने सांगितले की पुढे लॉखगिल्पहेडला दवाखाना आहे, वाटेतच आहे, थांबायचे तर थांबता येईल.

पेगीने मान वर केली. डोळे कोरडे होते.

"या वर्षी दवाखाने पुष्कळ झाले," ती म्हणाली. "थांबवलीस की चार माणसं चढतील, त्याला उचलतील, मला दुसऱ्या गाडीत घालतील. मग संपलंच. दगड किती लांब आहेत?"

"अर्ध्या तासावर."

"मग अर्ध्या तासानं काय बिघडतंय?"

लॉर्नाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पेगीने क्षणभर त्या हातावर आपली हनुवटी टेकली. दोघींना जे कळायचे ते कळले आहे, असे लॉर्नाला वाटले.

ती पुढे येऊन आपल्या जागेवर बसली. रिकामा पेला अजून तिच्या हातात होता. कंपनीचा नियम सरळ होता. प्रवाशाला काही झाले तर आधी गाडी थांबवायची, मग फोन करायचा. तिने फोन काढला. कधी सिग्नल यायचा, कधी जायचा. आला तेव्हाही तिने नंबर लावला नाही.

"मागं सगळं ठीक, बाईसाहेब?" डूगीने विचारले. डूगी ड्रायव्हर. रस्त्यावरून नजर न काढता तो दिवसभर तिची फिरकी घ्यायचा.

"ठीक."

"म्हाताऱ्यानं तुझी नोकरी अजून खाल्ली नाही ना?"

ती हसली नाही. डूगीने एकदा वरच्या आरशात पाहिले.

लॉखगिल्पहेडच्या तोंडाशी गोल चौक आहे. एक फाटा गावात जातो, तिकडेच दवाखान्याची पाटी आहे. दुसरा उत्तरेला, किलमार्टिनकडे. चौक जवळ आला तशी डूगीने गाडी हळू केली, नेहमीपेक्षा जरा जास्तच हळू. लॉर्नाने माईक तोंडाशी धरला. नुसते डूगीचे नाव घेतले असते तरी त्याने गाडी वळवली असती.

"इथून पुढे आपण एका फार जुन्या खोऱ्यात शिरतो," ती म्हणाली. "स्कॉटलंडला स्कॉटलंड हे नाव पडायच्या कितीतरी आधीची माणसं इथं राहत होती."

बस उत्तरेला वळली.

किलमार्टिनच्या कुरणाशी गाडी लागली तेव्हा ऊन पडले होते. ओढ्यावरचा लहानसा पूल, त्यापलीकडे खडीची पायवाट, मेंढ्या, आणि लांब, एकमेकांपासून अंतर राखून उभे असलेले ते दगड. लॉर्नाने दाराशी उभे राहून लोकांना उतरवले, कुणीकडून जायचे ते सांगितले, दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांना हात लावू नका म्हणाली. रोज ती पुढे चालत असे. आज म्हणाली, तुम्ही चला, मी इथेच आहे.

पेगी सगळ्यांच्या शेवटी उठली. तिने वॉटीची टोपी सरळ केली. त्याचा हात त्याच्या मांडीवर ठेवला.

"तू बसतेस ना जवळ?" तिने लॉर्नाला विचारले.

"बसते."

"उठला तर सांग, आलेच म्हणून."

लॉर्नाने मान हलवली. असे माणूस बोलते, तिला वाटले. तिच्या आईनेही बाबा गेल्यावर त्यांची बशी कितीतरी दिवस टेबलावर मांडली होती.

मग ती पेगीच्या जागेवर बसली. सीट अजून उबदार होती. खिडकीतून जांभळा रेनकोट पुलावरून जाताना दिसला, मग पायवाटेवर, मग कुरणात. इतर मंडळी फोटो काढत एका दगडाकडून दुसऱ्याकडे घाईने जात होती. पेगी पहिल्याच दगडापाशी थांबली. तिने मान मागे टाकून तो टोकापर्यंत पाहिला. त्याला एक पूर्ण फेरी घातली. मग त्याच्या पायथ्याशी गवतात एक बुटका दगड होता, त्यावर बसली, पर्समधून सँडविच काढले आणि खाऊ लागली.

सावकाश, दोन्ही हातांत धरून, ती सगळे सँडविच खात होती. लॉर्ना बघत राहिली. दुःखात माणसाला भूक लागते, हे तिने कुठेतरी ऐकले होते.

शेजारी वॉटी तसाच होता. त्याच्या सदऱ्याचे गळ्यापाशीचे बटण उघडे होते. लॉर्नाचा हात तिथवर गेला. दोन बोटे मानेवर टेकवली असती की झाले असते. तिने बटण लावले आणि हात मागे घेतला. तपासले तर काहीतरी करावे लागले असते, आणि बाहेर ती बाई अजून बसली होती. त्याच्या छातीकडेही लॉर्नाने पाहिले नाही. ती खिडकीबाहेरच बघत राहिली.  बसमध्ये कसलाही आवाज नव्हता.

सगळ्यांच्या आधी पेगी परत आली. वाऱ्याने तिचे गाल लाल झाले होते. पायरीवरूनच ती मोठ्याने म्हणाली,

"वॉटी, तुझंच खरं. दगडच आहेत नुसते."

लॉर्ना उठून बाजूला झाली. पेगी सीटवर टेकली, तिने पर्स खाली ठेवली, आणि नवऱ्याच्या गालाला हाताची पाठ लावली. मग तळवा लावला. मग टोपी काढली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिले.

"त्या ड्रायव्हरला सांग," ती म्हणाली. आवाजात काही फरक नव्हता. "कुणाला तरी बोलवा म्हणावं."

ॲम्ब्युलन्स लॉखगिल्पहेडहूनच आली, लगेच आली. तिच्यामागून पोलिसांची गाडी. डूगीने प्रवाशांना ओढ्यापलीकडेच थांबवून ठेवले होते. आखूड केसांची एक बाई आणि तिच्याबरोबरचा माणूस बसमध्ये चढले, त्यांनी जे करून बघायचे असते ते करून बघितले, आणि मग थांबले. ती बाई पेगीसमोर उकिडवी बसली. आजार कोणता, औषधे कोणती, ते तिने विचारून घेतले. मग विचारले, शेवटचं केव्हा बोलले तुमच्याशी?

"तो तुरुंग होता ना, त्या गावात," पेगी म्हणाली. "मग झोपला. हल्ली तो असाच झोपायचा, बोलता बोलता. मी दगड बघायला उतरले तेव्हा झोपलेलाच होता. ही पोरगी होती त्याच्याजवळ."

लॉर्नाने पेगीकडे पाहिले. डोळ्यांची एखादी खूण, हे असेच सांगायचे असा एखादा इशारा ती शोधत होती. पेगीच्या चेहऱ्यावर तसे काहीच नव्हते. तिचे डोळे आता प्रथमच भरून आले होते, आणि आपल्या माणसापाशी शेवटी जो होता त्याच्याकडे जसे बघावे तशी ती लॉर्नाकडे बघत होती.

"श्वास बदललेला जाणवला का तुम्हाला?" ॲम्ब्युलन्सवालीने विचारले.

"नाही."

"तुम्ही सगळा वेळ इथंच होतात?"

"हो. शेजारीच."

"कधीकधी शेजारी बसलेल्यालाही कळत नाही," ती बाई समजुतीने म्हणाली. "स्वतःला त्रास करून घेऊ नका."

ती खाली उतरली तशी लॉर्ना तिच्यामागून गेली आणि बसच्या आडोशाला तिने विचारले, किती वेळ झाला असेल? ती बाई हातमोजे काढत होती. तिने खांदे उडवले. बस गरम, अंगावर एवढे कपडे. तास असेल. पाव तासही असेल. तिला काही नक्की सांगता येईना. पुढचा प्रश्न लॉर्नाने विचारला नाही.

डूगी बसच्या चाकाला टेकून उभा होता.

"चौकात तू वळ म्हणशील असं वाटलं होतं मला," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. "मी गाडी हळूसुद्धा केली होती."

"झोपले होते ते," लॉर्ना म्हणाली.

"हं."

वॉटीला खाली आणले, पांघरूण घालून ॲम्ब्युलन्समध्ये ठेवले. पेगीला पुढे ड्रायव्हरशेजारी बसायला सांगितले, आणि ती बसली. लॉर्नाने तिची पर्स उचलून दिली. दार बंद करायच्या आधी पेगीने तिचे मनगट धरले.

"काही बोलला का गं तो?"

"नाही, मिसेस पर्डी."

"हाकबिक काही मारली नाही?"

"नाही."

पेगीने मान डोलावली. तिने मनगट सोडले नाही.

"आणि तू? तू बोललीस काही त्याच्याशी?"

लॉर्नाने ओढ्यापलीकडे पाहिले. प्रवासी घोळका करून उभे होते, कुणी रुमाल काढला होता, कुणी घड्याळाकडे बघत होते.

"बोलले," ती म्हणाली. "दगडांची माहिती सांगत होते त्यांना."

पेगीच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला. नाकातून हसू आल्यासारखा आवाज आला, आणि त्याबरोबर डोळ्यांतले पाणी गालावर उतरले.

"अगं, मग त्यानंच गेला असेल," ती म्हणाली.

ॲम्ब्युलन्स गेली. पोलिसाने लॉर्नाचे आणि डूगीचे नाव, फोन नंबर घेतला आणि तोही गेला. प्रवासी एकेक करून बसमध्ये चढले. पर्डींच्या सीटवर कुणी नजर टाकली नाही, आणि त्या सीटच्या मागे बसलेले जोडपे मुकाट्याने पुढे रिकाम्या जागेवर येऊन बसले. ओलसर सीटवर डूगीने एक जुने वर्तमानपत्र पसरले. परतीच्या वाटेवर चहाला थांबायचे ठरलेले होते. एका गृहस्थाने चाचरत विचारले, की चहाला थांबणार आहोत ना? लॉर्ना म्हणाली, हो, थांबणार आहोत.

बस सुरू झाली. दगड एकेक करून मागे गेले. परतीचा रस्ता लांब होता आणि त्या रस्त्यावर सांगण्यासारखे पुष्कळ होते. उजवीकडे कालवा होता, पुढे डोंगराच्या खांद्यावर एका जुन्या किल्ल्याची जागा होती. लॉर्नाने माईक उचलला, चालू केला आणि तोंडाशी धरला. कुठून सुरुवात करावी ते तिला आठवेना. लोक वाट बघत होते. छतातल्या स्पीकरांमधून तिचा श्वास शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांना स्पष्ट ऐकू येत होता.